तात्पुरती खोली

॥ श्री ॥

रत्नागिरी
१४ फेब्रुवारी २०००

सौ. मथूवन्संना,
सगुणाचा स. न. वि. वि.

फोनवर नीट बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. फोन माजघरात, हे समोर आरामखुर्चीत आणि पलीकडच्या खोलीत विनीत जागा. एकाचं दुसऱ्याला ऐकू जाऊ नये, अशी कसरत सारखी चालू असते. त्यापेक्षा दुपारी ओटीवर बसून लिहिलेलं बरं.

विनीतला मुंबईच्या हॉस्पिटलातून आणला, तेव्हा पाखाडीच्या पायऱ्यांवरून चार माणसांनी खुर्चीसकट उचलून वर घेतला. लहानपणी तुम्ही त्याच पाखाडीवरून उड्या मारत शाळेला जायचात, असं हे सांगतात. वर आणल्यापासून तो एकदाही खाली उतरलेला नाही. उतरायचं म्हणजे पुन्हा चार माणसं गोळा करायची, आणि ते तो करू देत नाही. बोटीवर नोकरी करून अर्धं जग हिंडलेला मुलगा आता खिडकीतून शेजारच्या हफीजाबींच्या दोरीवरचे कपडे बघतो. त्यांचा फहाद दुबईहून आला होता, बालपणचा मित्र, तर त्यालाही भेटला नाही. झोपलोय म्हणून सांग, म्हणाला.

डॉक्टरांनी आम्हां दोघांना समोर बसवून सांगितलं की बोटीच्या तळात पडला तेव्हाच मणक्याचं जे व्हायचं ते झालं, कमरेखाली आता काही परत यायचं नाही. पण हातांत बळ आहे, डोकं शाबूत आहे, त्याला जगायला जागा करून द्या. ह्यांनी त्यातलं एवढंच घेतलं की वेळ लागेल. वेळ लागेल असं डॉक्टर म्हणालेच नव्हते, वन्सं.

आता मुद्द्याचं. आपलं गॅरेज रस्त्याला लागून आहे. तिथे पाखाडीचा प्रश्न नाही. मागे न्हाणी काढता येईल. माझ्या मनात आहे की तिथे विनीतसाठी खोली करावी, पण आजाऱ्याची खोली नव्हे. कॅरम, कॉम्प्युटर, टीव्हीवरचे खेळ, लाकूडकामाचं टेबल. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पावसाळ्यात मैदानावर जाता येईना, तेव्हा सिस्टर आम्हांला एका लांब खोलीत नेत. पिंगपाँगचं टेबल, एक बेसूर पियानो आणि भिंतीला चिकटून बाकं. बाहेर कितीही अंधारून आलेलं असो, त्या खोलीत गेलं की कोणी रडत नसे. तसली खोली मला हवी आहे.

हे ऐकून ह्यांनी वर्तमानपत्र घडी घालून ठेवलं आणि म्हणाले की मग गाडी कुठे ठेवायची. विनीत बरा झाला की गाडी त्यालाच चालवायची आहे. विषय संपला.

तुम्ही त्यांना दोन ओळी लिहा. तुमचं ते ऐकतात. माझं फक्त ऐकून घेतात.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.
तुमची वहिनी,
सगुणा

॥ श्री ॥

अलोरे
१ मार्च २०००

ती. सौ. वहिनीस,
मथूचे शि. सा. न.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा रडत आणि एकदा हसत. हसू आलं ते तुझ्या सिस्टरांच्या पियानोचं. आमच्या शाळेत पावसाळ्यात कौलं गळायची आणि मास्तर आम्हांला गळतीखाली बादल्या लावायला सांगायचे. तोच आमचा पियानो.

दादाला लिहिलं आहे. पण वहिनी, इतकी वर्षं संसार करून तुला एक कळलं नाही. दादाला हरवायचं नसतं, जिंकल्यासारखं वाटू द्यायचं असतं. त्याला खोली कर म्हणू नकोस. गाडी चार महिने बाहेर ताडपत्रीखाली ठेवू आणि तात्पुरती सोय करू, असं म्हण. ‘तात्पुरतं’ हा शब्द त्याला औषधासारखा लागू पडतो. तुमचं स्वयंपाकघर आठव. माझ्या लग्नाच्या आधी त्याने तात्पुरतं म्हणून पत्रे टाकले होते, आणि माझ्या मुलीचं लग्न होऊनही तू त्याच पत्र्यांखाली पोळ्या लाटते आहेस.

एकदा विनू खाली उतरला की पुढचं पुढे. तो बोलतो का तुझ्याशी? मी फोन केला तर हो, नाही, बरं, एवढंच. पूर्वी मला मथूआत्या न म्हणता मथुरानगरी म्हणायचा मेला. ते ऐकायला कान आसुसलेत.

इकडे कॉलनी ओस पडत चालली आहे. प्रकल्पाचं काम संपत आलं तशी माणसं बदलून जातात. आमच्या ह्यांचीही दोनच वर्षं राहिली. मग तुझ्या त्या खोलीत मला एक बाक ठेव, भिंतीला चिकटून.

लोभाची सवय मोडू नकोस.
मथू

॥ श्री ॥

रत्नागिरी
९ मे २०००

सौ. मथूवन्संना,
सगुणाचा स. न. वि. वि.

तुमचं औषध लागू पडलं. तात्पुरतं म्हटल्याबरोबर ह्यांनी स्वतःच शिवा सुताराला बोलावून आणलं. आता घरात दिवसभर हाच शब्द. छताला पत्र्याखाली प्लायवूड लावलं तेही स्क्रूने, खिळे नाहीत, म्हणजे काढताना सोपं. दाराला पडदा, कारण तात्पुरतं. रंग नको, नुसता चुना. न्हाणीला तेवढ्या विटा लावल्या, ते करतानाही हे शिवाला विचारत होते की पुढे पाडायला किती वेळ लागेल.

जमिनीवरच्या ऑइलच्या डागाने मात्र आमचा जीव घेतला. सोड्याने घासलं, भुसा पसरला, चुना टाकला, तरी जिथे गाडीचं इंजिन यायचं तिथे काळं वर्तुळ आहेच. वास गेला, डाग राहिला. मी त्यावर चटई टाकली आहे. खिडकीसाठी भिंतीतले चिरे काढले, तेव्हा तांबडी धूळ इतकी उडाली की हफीजाबींनी पलीकडून ओरडून विचारलं की सगुणाबाई, खाण काढली काय दारात. हे कुंपणाच्या गडग्याजवळ उभे राहून म्हणाले की नाही हो, दोन-चार महिन्यांपुरतं आहे.

गॅरेजचं जोतं रस्त्यापेक्षा उंच. पूर्वी गाडीसाठी लोखंडी पट्ट्या होत्या. शिवा म्हणाला की खुर्चीसाठी सिमेंटचा उतार करून देतो, दोन दिवसांचं काम. ह्यांनी मोडता घातला. सिमेंट केलं की ते कायमचं झालं, गाडी आत घेताना अडेल, म्हणाले. शेवटी आंब्याच्या दोन रुंद फळ्या टाकल्या. लागतील तेव्हा टाकायच्या, नको तेव्हा उचलायच्या.

आता चांगली बातमी शेवटी, तुमच्यासाठी राखून ठेवलेली. विनीत हे सगळं वरच्या खिडकीतून बघत होता. परवा शिवा टेबल मापत असताना त्याने वरून हाक मारली आणि सांगितलं की टेबल इतकं उंच नको, माझे गुडघे खाली गेले पाहिजेत. मग वीस मिनिटं तो आणि शिवा मापांवरून भांडत होते. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. आमटी करपली. जेवताना हे म्हणाले की टेबल कशाला हवं, तोवर तो उभा राहील.

जून लागायच्या आत त्याला खाली नेऊ. तुम्ही या.

आठवण काढता, तशीच काढत राहा.
सगुणा

॥ श्री ॥

अलोरे
१८ जुलै २०००

ती. सौ. वहिनीस,
मथूचे शि. सा. न.

सुखरूप पोचले. वाटेत दरड आल्यामुळे गाडी चिपळूणच्या अलीकडे दोन तास उभी होती. तुझ्या घावनांचा डबा तिथेच संपला.

विनूकडून कॅरममध्ये हरून आल्याबद्दल आमच्या घरात माझी चेष्टा चालू आहे. राणी घेतली होती मी, पण कव्हर नाही जमलं. तो हसला ना वहिनी, तू बघितलंस ना? खाली मान घालून, पण हसला. आणि मला निघताना मथुरानगरी म्हणाला. मी एस.टी.त खिडकीकडे तोंड करून बसले, म्हणजे कंडक्टरला दिसू नये.

खोली सुरेख झाली आहे. आत शिरलं की गॅरेज वाटतच नाही. ते दिवाणावरचं तुझं गोधडीचं काम, खिडकीत लावलेला अळूचा डबा, टेबलावर त्याने उघडून ठेवलेला जुना रेडिओ. माझ्या कॉलनीच्या क्वार्टरपेक्षा ऐसपैस.

एकच गोष्ट मनात राहिली. त्या फळ्यांवर शेवाळ धरलं आहे. मी चप्पल काढून उतरले तरी पाय सटकला. दादाला म्हटलं, तर म्हणाला की पाऊस संपला की फळ्याच काढायच्या आहेत, त्यांना कशाला काय करायचं. तू त्याच्यामागे लाग. आणि त्याच्याशी भांडूही नकोस. तो संध्याकाळी ताडपत्री उचलून गाडी चालू करून बघतो, दहा मिनिटं इंजिन गरम करतो आणि परत झाकतो. मी पाखाडीवर उभी राहून बघितलं.

तब्येतीला जप, आणि आम्हांला मनात जागा असू दे.
मथू

॥ श्री ॥

रत्नागिरी
२६ ऑगस्ट २०००

सौ. मथूवन्संना,
सगुणाचा स. न. वि. वि.

गणपती तोंडावर आले, मूर्ती सांगून झाली. तुम्हांला ह्या वर्षी यायला जमणार नाही हे कळलं. वाईट वाटलं, पण समजले.

फहाद मोठ्या सुटीवर आला आहे. ह्या वेळी विनीतने त्याला परत पाठवलं नाही. तो दुबईहून टीव्हीला जोडायचा खेळ घेऊन आला, त्यात गाड्यांची शर्यत आहे. दोघं इतका आरडाओरडा करतात की रस्त्यावरचे लोक पडदा बाजूला करून डोकावतात. लोकांचे रेडिओही आता दुरुस्तीला येऊ लागले आहेत. विनीत म्हणतो की रेडिओ ही निमित्तं आहेत, माणसं बघायला येतात. म्हणतो, पण पूर्वीसारखा कडू होऊन नाही.

परवा एक गंमत झाली, आणि मग ती गंमत राहिली नाही. हे चहा घेऊन खाली गेले होते, मीही तिथेच होते. फहादने त्यांच्या हातात तो खेळ दिला. तुमचे दादा पडद्यावरची गाडी अशी चालवायला लागले की दर वळणावर समुद्रात. हे आपलं अंग वळवून, पाय दाबून ब्रेक मारतायत. आम्ही तिघं हसून बेजार. ह्यांनाही हसू आवरेना, इतकं हसताना मी त्यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं. आणि हसता हसता ते विनीतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की तू ह्याच्यावर हात बसवून घे, दिवाळीला खरी गाडी बाहेर काढू.

विनीतने खेळ बंद केला. फहाद उठून घरी गेला. हे रिकामा कप घेऊन माझ्यामागून वर आले आणि विचारू लागले की मी काय वावगं बोललो. काय सांगू? माणूस वाईट बोलला असता तर भांडले असते.

फळ्यांचं मी लावून धरलं आहे. ह्यांनी त्यांवर काथ्याची दोरी गुंडाळली. दोन दिवस बरं वाटलं, आता दोरीच भिजून बुळबुळीत झाली. शिवाला परस्पर बोलवावं असं मनात येतं, पण सिमेंटची पाटी दारात दिसली की ह्यांचा चेहरा कसा होईल ते डोळ्यांसमोर येतं, आणि मी पुढे ढकलते. गणपती होऊन जाऊ देत.

तुम्ही जवळ नाही, पण आहात असं धरून चालते.
सगुणा

अलोरे
६ ऑक्टोबर २०००

ती. वहिनीस,
मथूचे शि. सा. न.

पहिल्या कागदावर सवयीने ‘सौ.’ लिहून गेले. तो फाडला. हा दुसरा.

दिवसकार्य उरकून इथे आले, तरी मी अजून तुझ्याकडेच आहे. अनंतचतुर्दशीला सगळी आळी मांडवीला विसर्जन बघायला गेलेली, तूही विनूच्या आग्रहाने गेलेली, आणि दादा चहा घेऊन त्या फळीवरून खोलीत चढताना पडला. हे मी स्वतःला रोज सांगते, तरी पटत नाही. मांडीचं हाड मोडलं आणि तो तिसऱ्या दिवशी गेला. इतकं मोठं माणूस इतक्या छोट्या उंचीवरून पडून जातं का?

पण वहिनी, मी लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. तुझ्या घरी माणसं होती, तेव्हा बोलता आलं नाही. हॉस्पिटलात दादाने माझा हात धरून मला सांगितलं की मथू, विनू चालत आला. मी पडलो तसा दारातून उठला आणि चालत माझ्यापर्यंत आला. नर्सला सांगितलं, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगितलं. चेहरा कसा झाला होता त्याचा! वेदना असून नसल्यासारखा.

नंतर मी विनूला खुर्चीतच पाहिलं, हे खरं. पण मला वाटतं की बापासाठी तो उठला आणि दुःखाच्या धक्क्याने पुन्हा बसला. असं होतं. आमच्या कॉलनीतल्या एका बाईंनी अशीच हकिगत सांगितली. एकदा उठला, म्हणजे पाय मेलेले नाहीत. मी देवीला बोलले आहे. मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांचा पत्ताही मिळवला. दिवाळीनंतर त्याला घेऊन जाऊ, मी बरोबर येते. दादाची ती शेवटची खूण आहे, ती वाया घालवू नकोस.

उत्तर लगेच लिही. आता आपण दोघीच एकमेकींच्या.
मथू

रत्नागिरी
१८ ऑक्टोबर २०००

चि. सौ. मथूवन्संना,
सगुणाचा नमस्कार आणि आशीर्वाद.

आधी एक राहिलेलं. विनीतला खुर्चीसकट स्मशानात न्यायला भाऊबंद तयार नव्हते. पुतण्याने अग्नी द्यावा, असं चाललं होतं. तुम्ही पाखाडीवर उभ्या राहून भांडलात, आणि मग फहादने खुर्चीची एक बाजू धरली, शिवाने दुसरी. मुलाच्या हातून त्यांना अग्नी मिळाला. आज सांगते, हे मी जन्मात विसरणार नाही.

आता जे तुम्हांला लिहायलाच हवं, ते लिहिते. विनीत चालला नाही, वन्सं.

मी मांडवीहून परतले तेव्हा दोघं दारासमोरच्या ओहोळाच्या, पऱ्याच्या कडेला होते. ह्यांचं डोकं विनीतच्या मांडीवर. फळी सरकून बाजूला पडलेली, खुर्ची दारात उलटी. आधी मला काही कळलं नाही. रात्री हॉस्पिटलातून येऊन मी विनीतचा सदरा काढला, तेव्हा दोन्ही कोपरांची सालटी गेलेली दिसली. गुडघे तर खरवडून निघाले होते, आणि त्याला ते दुखतही नव्हतं. तेव्हा त्याने सांगितलं. बाबा पडल्याचा आवाज आला, तो दारापर्यंत आला, फळी गेलेली. हाका मारल्या. पण ढोल-ताशांत कोणाला ऐकू जाणार? बाबा इतके जवळ की हात लांबवला तर लागतील असं वाटे, पण लागत नव्हते. मग त्याने स्वतःला खुर्चीतून खाली टाकलं आणि कोपरांवर सरपटत गेला.

ह्यांचं तोंड रस्त्याकडे होतं. मांडी मोडल्यामुळे वळता येत नव्हतं. त्यांनी विनीतला येताना पाहिलंच नाही, वन्सं. एकदम वर त्याचा चेहरा दिसला. त्यांनी विचारलं की चालत आलास? विनीत हो म्हणाला.

एवढंच. खोटं बोलला तो, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही बोलले असते. पण ते खोटं ह्यांनी सगळ्या गावाला सांगितलं. आता माणसं पडदा बाजूला करतात ती रेडिओ घेऊन नव्हे. कोणी अंगारा आणतं, कोणी तेल आणतं. एक बाई विनीतच्या पायांना चिमटा काढून गेल्या. तो दोन आठवडे टेबलाजवळ गेलेला नाही. खेळ कापडाखाली झाकून ठेवला आहे. पुन्हा वर नेऊन ठेव, निदान पाखाडी चढून कोणी येणार नाही, असं काल म्हणाला.

ह्या खोलीत आला तेव्हा माझा मुलगा मला परत मिळाला होता. तो पुन्हा वर गेला तर परत खाली येणार नाही, हे मला दिसतं आहे. म्हणून हात जोडते, तुम्ही नवस करू नका. पत्ता पाठवू नका. ‘तात्पुरतं’ हा शब्द आपण दोघींनीच ह्यांच्या हातात दिला होता. त्याला आता इलाज नाही. पण अजून एक वर्ष त्या शब्दावर काढायची माझ्यात ताकद नाही.

रागावला असाल तर रागावून लिहा, पण लिहा.
सगुणा

रत्नागिरी
१२ नोव्हेंबर २०००

ती. सौ. मथूआत्यास,
सा. न.

तुझं आईला आलेलं रिकामं पाकीट मिळालं. आत कागद नव्हता. आई घाबरली. मी म्हटलं की मथुरानगरीला लिहायचं होतं आणि सुचलं नाही, म्हणून तिने नुसतंच पाकीट पेटीत टाकलं. बरोबर ना? तुझ्या हातून असंच होणार.

म्हणून मी लिहितो. मी बाबांना हो म्हणालो, त्याबद्दल आईने तुला सांगितलं आहे. मला त्याचा पश्चात्ताप नाही. पण ते फक्त त्यांच्यासाठी होतं. तू हॉस्पिटलात ते खरं मानलंस, त्यात तुझी चूक नाही, त्यांनी सांगितल्यावर कोणीही मानलं असतं. मीच दोन दिवस पायांकडे बघत बसलो होतो.

मी वर जाणार होतो. आईने चार माणसांना सांगूनही ठेवलं. माणसं आली, खुर्चीला हात घातला, आणि मी त्यांना परत पाठवलं. का ते नीट सांगता येणार नाही. टेबलावर हफीजाबींचा रेडिओ उघडा पडला होता, आणि त्याची तार कुठे तुटली आहे ते मला बसल्या जागेवरून दिसत होतं. फहादला आत बोलावून मी गाडी न्यायला सांगितली. त्याच्या मामाला हवी आहे. ताडपत्रीही घेऊन जा म्हटलं. शिवा सोमवारी उतारासाठी सिमेंट घेऊन येतो आहे.

बाबा मला रोज आठवतात. त्यांचा राग येतो, आणि राग आला की त्यांचं ते समुद्रात जाणाऱ्या गाडीत अंग वळवून बसणं आठवतं, मग काय करावं ते कळत नाही. हे कायम असंच राहील असं वाटतं.

आत्या, मी चालणार नाही. मी ह्या खोलीत राहणार आहे. आमच्या घरात हे कोणी कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. काल मी आईला म्हटलं. ती न्हाणीत भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला, पदराला हात पुसले. मग विचारलं की भिंतीत कपाट कुठल्या बाजूला करून घ्यायचं.

तुझा,
विनीत